मॉडेल विमान कापडाने मढवायचं, तेही थिनरशिवाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पखवाज मढवतात तसं विमानही मढवावं लागतं. बाल्सा या हलक्या लाकडाचा सांगाडा कितीही नेटका केला तरी हवा भेटते ती वरच्या कापडाला. खालचे बहुतेक प्रश्न मला मैदानावर विचारले गेले आहेत. काही एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलामुलींचे, काही फ्लॅटमध्ये राहून हा छंद जपणाऱ्यांचे. उत्तरं मुख्यतः एका मॉडेलवरच्या कामातून आली आहेत. ते मॉडेल म्हणजे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेलं, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं दोन आसनांचं ‘पुष्पक’. आपल्या फ्लाइंग क्लबांत कित्येक वैमानिक याच विमानावर शिकले. खऱ्या पुष्पकचं अंगही कापडाचंच. त्याच्या पंखांचा पल्ला ३६ फूट, म्हणून १/६ मापाचं माझं मॉडेल बरोबर ६ फुटांचं.

प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने एका दुपारी बसते. मग कापडाचा खटाटोप कशासाठी?

झटपट उडवायचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, असेल तर फिल्मच लावा, त्यात कमीपणा काही नाही. पण पुष्पक, पायपर कब, टायगर मॉथ ही विमानं मुळात कापडी होती. त्यांच्यावर चकचकीत फिल्म लावली की खेळणं दिसतं. कापडाची वीण, रिबवर (पंखाला आकार देणाऱ्या फासळीवर) उठलेली टेप, उन्हात पंखाच्या आरपार दिसणाऱ्या रिबच्या सावल्या, हे सगळं कापडावरच येतं. शिवाय कापड चिवट असतं. बाभळीचा काटा लागला तर फिल्म टराटरा फाटत जाते, कापडाला फक्त भोक पडतं. सांगाड्याचा पीळ सहन करायची ताकदही कापडाने वाढते. हे पंखाची टोकं दोन हातांत धरून हलकेच पिळून पाहिलं की मढवण्याआधी आणि नंतर स्पष्ट कळतं.

डोप आणि थिनर इतकी वर्षं चाललं. आता पाण्यावरची रसायनं कशाला?

डोपने विमानं घडवली, हे खरंच आहे. पण डोप म्हणजे कापडावर मारायचा लेप: नायट्रेट किंवा ब्युटिरेट सेल्युलोज आणि त्याला पातळ करणारी उडून जाणारी द्रावकं. नायट्रेट तर ठिणगी पडायचा अवकाश, भडकतं. वाफा डोक्यात जातात. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या विमान कारखान्यांत डोपमधल्या टेट्राक्लोरोइथेनमुळे कामगारांना कावीळ झाली, काही जण दगावले. आजच्या डोपमध्ये ते द्रावक नसतं, पण बंद खोलीत थिनर वापरू नये हा धडा तिथूनच मिळाला आहे.

आपल्यातले बहुतेक जण दोन-तीन खोल्यांच्या घरात राहतात. वर्कशॉप म्हणजे गॅलरी नाहीतर जेवणाचं टेबल. शेजारच्या खोलीत लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेले आजोबा झोपलेले असताना थिनरचा डबा उघडणं मला पटत नाही. पाण्यावरच्या पीयूला, म्हणजे पाण्याने पातळ होणाऱ्या पॉलियुरेथेन वार्निशला, वास असतो, पण सौम्य. ब्रश नळाखाली धुतला जातो. खिडकी मात्र उघडी ठेवा, कारण त्यातही थोडी द्रावकं असतातच.

डोप सुकताना कापड ताणतं. पाण्यावरचं पीयूही ताणेल का?

नाही. हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. बिघडलेली बहुतेक कामं इथेच चुकलेली असतात. जुन्या पद्धतीत कापड जरासं सैल राहिलं तरी चालायचं, कारण डोप सुकताना आकसायचं आणि कापडाला ओढून घ्यायचं. पीयू आकसत नाही. ते वीण बंद करतं, कापडाला लाकडाशी जखडतं, आणि बस. सैल कापडावर पाच हात मारले तरी ते सैलच राहतं, वर वजन वाढतं.

म्हणून कामाची वाटणी डोक्यात पक्की ठेवा. ताण द्यायचा उष्णतेने, पकड द्यायची गोंदाने आणि रंध्रं बंद करायची पीयूने. पीयूचा डबा उघडण्याआधी पंखावर टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला पाहिजे.

कोणतं कापड घ्यायचं? परदेशातून मागवावंच लागतं का?

मागवलं तर उत्तम, पण गरज नाही. आपल्याला हवं ते पॉलिस्टर, न आकसलेलं. दुकानातलं तयार अस्तर बहुधा कारखान्यात उष्णता देऊन स्थिर केलेलं असतं. इस्त्रीखाली ते फारसं हलत नाही. मागावरून नुकतं उतरलेलं, प्रक्रिया न झालेलं कापड हवं. व्यापारात त्याला ‘ग्रे’ म्हणतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर आणि सुरतेला असं पॉलिस्टर विणलं जातं. ओळखीच्या कापडवाल्याला ‘ग्रे टफेटा, सगळ्यांत पातळ’ असं सांगितलं की त्याला कळतं.

घेण्याआधी तुकडा आणून तीन गोष्टी पाहा. आधी वजन. ४४ इंची पन्ह्याचं १ मीटर कापड स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ६० ग्रॅमच्या आसपास भरलं तर ते चौरस मीटरला साधारण ५४ ग्रॅम पडतं. सहा फुटी मॉडेलला हे छान. ८० च्या पुढे गेलं तर मोठ्या मॉडेलसाठी ठेवा. मग धागा जाळून बघा. पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो, सुताची नुसती राख होते. शेवटी २० सेंटिमीटरचा चौकोन कापून त्यावर इस्त्री फिरवा. तो १८.५ सेंटिमीटरपर्यंत आला पाहिजे. जेमतेम अर्धा सेंटिमीटर आकसला तर ते कापड नको.

ग्रे कापडात विणताना लावलेली खळ आणि यंत्राचं तेल असतं. कोमट पाण्यात साबणाने धुवून सावलीत वाळवा. गरम पाणी अजिबात नको, नाहीतर आपल्याला हवं असलेलं आकसणं बादलीतच होऊन जाईल.

रेशीम, सुती किंवा पॅराशूटचं नायलॉन चालेल का?

चालतं, पण पाण्यावरच्या पद्धतीशी यांचं नीट जमत नाही. कारण ओलावा. पॉलिस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी धरत नाही. नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास धरतं, सूत ८ आणि रेशीम ११. म्हणजे पीयूचा हात मारला की रेशीम ढिलं पडतं आणि सुकल्यावर परत ताठ होतं. नवख्याचा जीव तेवढ्यात वरखाली होतो. नायलॉन तर पावसाळी हवेतच सैल पडतं. रेशमाचं सौंदर्य वेगळं आहे, मान्य. रेशीम लावायचंच असेल तर ओलं करून, ताणून लावा, पूर्ण वाळू द्या आणि पीयूचे हात एकदम पातळ मारा. पहिल्या कामाला मात्र पॉलिस्टरच घ्या.

दोन-अडीच फुटांच्या रबरबँडवर उडणाऱ्या मॉडेलला यातलं काहीच नको. तिथे टिश्यू पेपर लावा.

सामान नेमकं काय लागतं?

कापड, पाण्यावरचा गोंद, पाण्यावरचं पारदर्शक पीयू, तापमान कमीजास्त होणारी छोटी इस्त्री, नव्या ब्लेडचा कटर, शिंप्याची झिगझॅग कात्री, दोन इंची फोमचा ब्रश, जुनं एटीएम कार्ड आणि डिजिटल काटा. काटा नसेल तर बाकीचं घेण्याआधी तो घ्या.

रंगाच्या दुकानात नुसतं ‘पीयू’ मागू नका. फर्निचरला मारतात ते बहुतेक पीयू थिनरवरचं, दोन डब्यांचं असतं. ‘वॉटर-बेस्ड पीयू, क्लिअर, मॅट’ असं स्पष्ट मागा आणि डब्यावर पातळ करण्यासाठी पाणी लिहिलं आहे का ते वाचा. खास मॉडेलसाठी बनवलेली इझी डोपसारखी परदेशी उत्पादनंही आहेत. खऱ्या विमानांसाठी स्ट्युअर्ट सिस्टिम्सने पाण्यावरची अख्खी पद्धत बसवली आहे. त्यांचा इकोबॉन्ड गोंद मॉडेलवालेही वापरतात. पण सहा फुटी मॉडेलला लाकडाचं पीयू व्यवस्थित पुरतं.

फेव्हिकॉलने कापड चिकटतं का?

हो, आणि त्याची युक्ती सुंदर आहे. पांढरा फेव्हिकॉल म्हणजे पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट). तो वाळल्यावरही उष्णतेने परत मऊ होतो. सांगाड्याच्या कडांना आधी पाणी घालून निम्मा पातळ केलेला हात द्या, लाकूड तो पिऊन घेतं. वाळल्यावर दुसरा, जरा दाट. पांढरेपणा जाऊन काचेसारखा पारदर्शक झाला की तयार. आता वर कापड ठेवून इस्त्री टेकवली की ते जागेवर धरतं. चुकलं तर परत गरम करून सोडवता येतं. ओल्या गोंदाची ओढाताण नाही, बोटं बरबटत नाहीत.

दोन गोष्टी सांभाळा. फेव्हिकॉल एसआर घेऊ नका. तो रबराचा, द्रावकावरचा गोंद आहे. आणि पीव्हीए उष्णतेने मऊ होतो हा त्याचा गुण आहे तसा दोषही. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत मॉडेल ठेवलं तर ताणलेलं कापड कडेने सरकू शकतं. म्हणून पुढे पीयूचा पहिला हात मारताना सगळ्या कडांवर तो कापडातून झिरपून लाकडापर्यंत जाईल असा घोळवून मारा. मग पकड एकट्या गोंदावर राहत नाही.

पाण्याने बाल्सा फुगणार नाही का?

थोडा फुगतोच, तंतू उभे राहतात. म्हणून सांगाडा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, गोंदाच्या पहिल्या हातानंतर कडा पुन्हा हलकेच घासा. पातळ शीट केलेल्या भागावर एकाच बाजूने पाणी लागलं की ते वाटीसारखं वळतं. तिथे दोन्ही बाजूंना हात द्या किंवा वाळेपर्यंत बोर्डावर टाचून ठेवा. टाचण्या लोखंडी नकोत. ओल्या गोंदात एका रात्रीत गंजतात आणि तो तपकिरी डाग पांढऱ्या रंगातूनही वर येतो.

मढवायचा क्रम काय?

आधी खालची बाजू, मग वरची, म्हणजे सांधा खाली लपतो. सुरुवात शेपटीच्या छोट्या भागांपासून करा. हात बसेपर्यंत पंखाला हात लावू नका.

कापड सगळीकडून दोन इंच जास्तीचं कापा. कापडाचा काठ, म्हणजे ताण्याचे उभे धागे, पंखाच्या लांबीला समांतर ठेवा. आधी मुळाशी मधोमध टेकवा, मग टोकाला ओढून टेकवा, मग लीडिंग एज (पुढची कड) आणि ट्रेलिंग एज (मागची कड) या प्रत्येकीच्या मध्यावर. चार बिंदू धरले की मधून बाहेर जात राहा. सुरकुत्या घालवायच्या, पण जीव खाऊन ओढायचं नाही. तो ताण उष्णता देणार आहे.

कडेशी कापड नुसतं टेकवून कापलं तर पुढे आकसताना ते साल निघावी तसं उचकटतं. कडेला वळसा घालून पलीकडे निदान ६ मिमी चिकटवलं की ओढ गोंदाच्या पृष्ठभागाला समांतर जाते. तिथे फेव्हिकॉल हार मानत नाही. पंखाच्या गोल टोकावर कापड भिजवू नका. इस्त्रीचं टोक लावत, बोटाने खेचत, एकेक सेंटिमीटर पुढे जा. पॉलिस्टर गरम असताना वळणावर आश्चर्य वाटावं इतकं बसतं. जिथे बसत नाही तिथे छोट्या चिरा देऊन पाकळ्या एकमेकींवर घ्या.

खाली आत वळलेला, म्हणजे अंडरकॅम्बर असलेला पंख असेल तर प्रत्येक रिबला खालून गोंद हवाच. नाहीतर आकसताना कापड रिब सोडून सरळ रेषेत येतं आणि पंखाचा आकारच बदलतो.

इस्त्री किती तापवायची?

खऱ्या विमानांवर पॉलिस्टर तीन फेऱ्यांत आकसवतात, साधारण १२०, १५० आणि १७७ अंश सेल्सिअस. आपला सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा नसतो, त्यामुळे तिसरी फेरी आपल्यासाठी नाही. घरच्या इस्त्रीवर एक टिंब म्हणजे सुमारे ११०, दोन टिंबं म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. एक टिंबावर कडा चिकटवा. मग सगळ्या कापडावर एक फेरी त्याच्या जरा वर, दुसरी दोन टिंबांवर. तीन टिंबांकडे जाऊच नका.

आकसवताना चिकटवलेल्या कडेपासून एक सेंटिमीटर दूर राहा, नाहीतर खालचा गोंद मऊ होतो आणि नेमक्या त्याच क्षणी कापड त्याला ओढत असतं. एका बाजूला पूर्ण फेरी झाली की लगेच उलटून दुसऱ्या बाजूला. एकच बाजू पूर्ण ताणून ठेवली तर पंख धनुष्यासारखा वाकतो.

मध्येच एखादा खण, म्हणजे दोन रिबमधला भाग, पापडासारखा फुगला तर घाबरू नका. आतली हवा तापून बाहेर जायला वाट शोधते आहे. रिबना भोकं ठेवलेली असतील तर असं होत नाही. नसतील तर खालच्या बाजूने प्रत्येक खणाला टाचणीचं एक भोक द्या.

सगळं झाल्यावर पंख पिळलेला दिसतोय. फुकट गेला का?

नाही, आणि रंगाच्या आधी लक्षात आलं हे बरं झालं. पंख मागून डोळ्यांच्या पातळीत धरून पाहा. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. टोकाकडे ट्रेलिंग एज २-३ मिमी वर असेल, दोन्हीकडे तितकीच, तर तो वॉशआउट झाला आणि तो चांगलाच. एकीकडे वर, एकीकडे खाली, हा दोष. एकाने पंख उलट दिशेला, हव्या त्या जागेच्या थोडं पुढे पिळून धरायचा आणि दुसऱ्याने वरून-खालून इस्त्री फिरवायची. थंड होईपर्यंत सोडायचं नाही. आमच्या घरी हे काम दोघं मिळूनच करतो. पीयू चढल्यावर हा उपाय फारसा चालत नाही.

पीयूचा पहिला हात कसा मारायचा?

पुष्पकच्या आधी मी एक कब मढवलं होतं. कापड सुरेख बसलं होतं. पीयू भरपूर पातळ केलं आणि भरलेल्या ब्रशने उजवा पंख वरून न्हाऊ घातला. वर सगळं छान दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पंख उजेडासमोर धरला तर आत प्रत्येक खणात थेंबांची रांग. विणीतून गळून ते खालच्या कापडावर साचले होते, आणि तिथे कडक, पिवळसर चकत्या झाल्या होत्या. उजवा पंख डाव्यापेक्षा १८ ग्रॅम जड. त्या चकत्या काढायला वाट नव्हती. डाव्या टोकात शिसं घालून तोल साधला आणि ते वजन ते मॉडेल शेवटपर्यंत वाहत राहिलं.

तेव्हापासून पहिला हात मी असा मारतो. पीयूत फार तर पाव भाग पाणी. फोमचा ब्रश बुडवून डब्याच्या कडेला चांगला निथळायचा. कापडावर एकाच दिशेने ओढायचं, मागे-पुढे घासायचं नाही. लगेच जुनं एटीएम कार्ड आडवं धरून जास्तीचं पीयू पुढे ढकलत न्यायचं आणि कडेला फडक्याने टिपायचं. धाग्यांमधल्या छिद्रांवर पातळ पडदा धरला की हात झाला. कापड ओलसर दिसलं पाहिजे, चमकता कामा नये. वाळल्यावर हात फिरवला तर खरखरीत लागेल. ३२० ने अगदी वरवर घासा. रिबवर तर बोटाचं वजनही टाकू नका, तिथले धागे एका फटकाऱ्यात कापले जातात.

किती हात पुरे? वजन किती वाढतं?

पारदर्शक पीयूचे तीन, त्यावर रंगाचे दोन पातळ फवारे. माझ्या पुष्पकचा हिशेब देतो. पंख, शेपटी आणि बॉडी मिळून मढवायचा पृष्ठभाग दीड चौरस मीटर. कापड ८५ ग्रॅम, गोंद १५, पीयूचे तीन हात ५५, रंग ४५. एकूण २०० ग्रॅम. फिल्मने हेच काम साधारण निम्म्या वजनात झालं असतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पावणेतीन किलोच्या विमानाला हे शंभर ग्रॅम झेपतात. सव्वा किलोच्या विमानाला जाणवतात.

ग्रॅम मोजायचेच असतील तर शेपटीत मोजा. माझ्या मॉडेलमध्ये गुरुत्वमध्यापासून शेपटी नाकाच्या तिप्पट लांब आहे, म्हणजे शेपटीवर १० ग्रॅम जास्त रंग म्हणजे नाकात ३० ग्रॅम शिसं. शेपटीला मी पीयूचे दोनच हात देतो.

वीण पूर्ण बुजवून गुळगुळीत करायचं असेल तर?

दुसऱ्या हाताच्या पीयूत घरातली टाल्कम पावडर मिसळा, ताकाइतकं दाट होईल इतपत, आणि कार्डाने ओढा. वाळल्यावर घासायला सोपं जातं. पण खऱ्या कापडी विमानावर वीण थोडी दिसतेच. मी बुजवत नाही.

वरून कोणता रंग द्यायचा?

पाण्यावरचा कोणताही अ‍ॅक्रिलिक. चित्रकलेचे, एअरब्रशचे किंवा भिंतीचा बाहेरचा इमल्शनही. इमल्शन लवचीक असतं, छोट्या डब्यात हव्या त्या छटेत मिळतं. फक्त ते दाट असतं, त्यामुळे ब्रशने मारलं तर भिंतीसारखंच दिसेल. पातळ करून, गाळून, फवारा.

रंग शोभेपुरता नाही. ऊन पॉलिस्टरचे धागे कमकुवत करतं, रंगातली पावडर ते ऊन अडवते. यासाठीच खऱ्या विमानांवर रंगाखाली चंदेरी थर असतो. ते वाचून कुणी पाण्यावरच्या पीयूत अ‍ॅल्युमिनियमची भुकटी कालवू नका. अ‍ॅल्युमिनियम आणि पाणी मिळून हायड्रोजन सुटतो, बंद डबा फुगू शकतो. चंदेरी हवाच असेल तर तयार पाण्यावरचा चंदेरी रंग घ्या.

रिबवरच्या टेप आणि टाके दाखवायचे आहेत.

हा भाग मला सगळ्यांत आवडतो. खऱ्या विमानात कापड रिबला दोऱ्याने शिवतात, वर करवती कडेची टेप लावतात. दोन इंची टेप १/६ मापात साडेआठ मिलिमीटरची होते. त्याच कापडाच्या तुकड्याला आधी पीयूचा एक हात द्या, म्हणजे धागे सुटत नाहीत. वाळल्यावर झिगझॅग कात्रीने पट्ट्या कापा. टाक्यांच्या गाठींसाठी रिबवर पेन्सिलने समान अंतरावर खुणा करून सुईच्या टोकाने फेव्हिकॉलचा एकेक थेंब ठेवा. थेंब वाळून बसले की वरून पट्टी पीयूने चिकटवा. पीयूचा पहिला हात झाल्यावर आणि दुसऱ्याच्या आधी हे करायचं. पुष्पकच्या एका पंखाला माझी पूर्ण रविवारची सकाळ गेली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या गाठींच्या सावल्या पडतात तेव्हा कळतं कशासाठी गेली.

पावसाळ्यात हे काम करता येतं का?

कापड चिकटवणं आणि इस्त्री खुशाल करा, पॉलिस्टरला दमट हवेचं काही नाही. पीयूचा हात मात्र थांबवा. पाण्यावरची रसायनं पाणी उडून गेल्यावरच वाळतात. मुंबई-कोकणात जुलैत हवेत पाण्याला जागाच नसते, तिथे दोन तासांत वाळणारा हात रात्रभर चिकट राहतो. त्यावर घाईने दुसरा चढवला तर पाणी आत अडकून थर दुधाळ होतो. एसीच्या खोलीत किंवा दोन पाऊसरहित दिवस बघून हात मारा. हेअर ड्रायरने जवळून गरम करू नका, वरची साय धरते आणि खालचं ओलंच राहतं. तसं पाहिलं तर डोपही पावसाळ्यात पांढरं पडतं. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं.

ग्लो इंजिनाचं इंधन हे सहन करेल?

हे इंधन मुख्यतः मेथॅनॉल असतं आणि मेथॅनॉलमध्ये पीव्हीए विरघळतो, म्हणून इंधन कडेतून आत गेलं तर कापड सुटतं. एक डब्याचं पाण्यावरचं पीयू पूर्ण मुरल्यावर शिंतोडे झेलतं, साचलेलं इंधन झेलत नाही. ग्लो इंजिन असेल तर नाकाकडच्या भागावर इंधनाला टिकणारा दोन घटकांचा वरचा थर द्या, तोही आधी तुकड्यावर तपासून. फायरवॉल (इंजिन बसवलेली फळी) आणि टाकीची खोली आतून बंद करा. इलेक्ट्रिक मोटर असेल तर हा प्रश्न सोडून द्या.

थर्मोकोलच्या पंखावर हीच पद्धत?

अर्धीच. थर्मोकोलला थिनर लागला की तो विरघळतो, म्हणून पाण्यावरचं पीयू त्याला वरदान आहे. पण तो शंभर अंशांच्या आसपासच बसतो, त्यामुळे इस्त्रीने आकसणारं कापड तिथे नको. चौरस मीटरला २५ ग्रॅमचं फायबरग्लास कापड पसरा आणि त्यातून पीयू झिरपवा. तिथे ताणाची गरजच नसते, खाली भरीव फोम असतो.

कापड फाटलं तर?

काटा घुसून भोक पडलं असेल तर भोवतालचा रंग ४०० ने घासून खरखरीत करा. त्याच कापडाचा गोल तुकडा कापा, सगळीकडून १२ मिमी मोठा. कोपरे असलेला तुकडा पुढे कोपऱ्यातून उचकटतो. पीयू लावून बसवा, वाळल्यावर वरून आणखी एक हात. मोठी चीर असेल तर आधी तिच्या दोन कडा सुईदोऱ्याने एकत्र आणा. म्हणूनच रंग करताना त्याच छटेची छोटी बाटली भरून, घट्ट बंद करून ठेवा. नंतर तो रंग जुळत नाही.

रंग वाळला. उद्या सकाळी उडवू का?

हाताला कोरडं लागतं ते वरवरचं. पीयू पुरतं कडक व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोवर पंखावर रबरबँड आवळले तर त्यांचे वळ उमटतात आणि मॉडेल फडक्यात गुंडाळलं तर फडक्याची वीण छापली जाते. त्या दिवसांत एलरॉन, एलिव्हेटर, रडर हे पंख-शेपटीचे हलणारे भाग मोकळे हलतात ना ते बघा, कारण बिजागऱ्यांच्या फटीत पीयू जाऊन बसतं. ब्लेडने हळूच मोकळं करा. मग दोन्ही पंख वेगवेगळे तोला आणि बॅटरी घालून गुरुत्वमध्य पुन्हा तपासा. मढवण्याआधी काढलेला आकडा आता लागू नाही. माझ्या पुष्पकचा ९ मिलिमीटर मागे सरकला होता. बॅटरी पुढे ढकलून तो जागेवर आला.